तलावाकाठचे घर विकणे आहे

वेल्सच्या वायव्य भागात, स्नोडन पर्वताच्या पायथ्याशी लानबेरिस हे गाव आहे. गावाला लागून लिन पॅडर्न हे लांबट तळे पसरले आहे, आणि पाण्यापलीकडे पायऱ्यापायऱ्यांनी तासून ज्याचे अर्धे पोट काढून नेले आहे असा डोंगर उभा आहे. या परिसरातील जुनी दगडी घरे हा घरविक्रीच्या दलालांचा आवडता माल होय. त्यांच्या जाहिरातींची भाषा ठरून गेलेली असते. घर 'ऐतिहासिक' असते. त्याचा 'मूळ बाज राखून जीर्णोद्धार' केलेला असतो. छपराला अस्सल वेल्श स्लेट, भिंतीतले जुने धुराडे उघडे करून घासूनपुसून लख्ख केलेले, तुळया दिसतील अशा राखलेल्या. खिडकीतून तळे दिसते, शांतता हवी तेवढी मिळते, आणि शेवटी एक व्यवहारी ओळ येते : स्वतःच्या सुट्टीसाठी अथवा प्रवाशांना भाड्याने देण्यासाठी उत्तम गुंतवणूक.

या वर्णनातला एकही शब्द बहुधा खोटा नसतो. फसवणूक असते ती निवडीत. घर ऐतिहासिक आहे असे म्हणताना इतिहासाचा अर्थ दगडांचे वय एवढाच घेतला जातो. घर कोणी बांधले, कोणाच्या जमिनीवर बांधले, त्यात किती माणसे दाटीवाटीने राहिली, ती कशाने मेली आणि अखेर ते घर रिकामे का पडले, हे प्रश्न विचारले तर किंमत चढण्याऐवजी गिऱ्हाईक अस्वस्थ होईल. म्हणून जीर्णोद्धाराच्या वेळी भिंतींवरची काजळी खरवडतात तसा हा इतिहासही खरवडला जातो, आणि मग जे निर्जंतुक उरते त्याला 'वारसा' असे नाव मिळते. जाहिरातीत न येणारा हा मजकूर एकदा वाचून पाहणे आवश्यक आहे.

ज्या दगडाची मराठी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पाटीमुळे ओळख होती, तो दगड या डोंगरात होता. दिनोर्विकची खाण १७८७ साली सुरू झाली. ऐशटन-स्मिथ घराण्याच्या फायनॉल जहागिरीत ती मोडत होती, आणि बहराच्या काळात तेथे ३,००० हून अधिक माणसे राबत होती. शेजारच्या बेथेस्डा येथील पेन्रिन खाणीच्या खालोखाल जगात स्लेटची एवढी मोठी खाण दुसरी नव्हती. डोंगर जहागीरदाराचा, बंदरापर्यंत माल नेणारी रेल्वे जहागीरदाराची, ते बंदरही त्याचेच. कामगार वेल्श बोलत आणि आपल्या साध्या प्रार्थनागृहात जात. मालक इंग्रजी बोलत आणि सरकारमान्य चर्चमध्ये जात. औद्योगिक क्रांतीने वाढलेल्या शहरांची छपरे या खाणींनी झाकली. मँचेस्टरच्या गिरणीत विणणारा आणि लानबेरिसच्या कड्यावर सुरुंग लावणारा हे दोघे एकाच छपराखाली होते, असे म्हटले तर ती निव्वळ उपमा ठरू नये.

कामाची पद्धत 'सौद्या'ची होती. चार-सहा जणांच्या टोळीने महिन्याच्या प्रारंभी खाणीच्या कारभाऱ्याशी कड्याच्या एका ठरावीक तुकड्याचा भाव ठरवायचा. दगड चांगला फुटला तर चार पैसे मिळायचे, वाईट निघाला तर महिनाभराची मेहनत मातीत जायची. सुरुंगाची दारू, दोरखंड, हत्यारांची धार यांचा खर्च मजुरीतून वजा व्हायचा. भाव ठरवणाऱ्या कारभाऱ्याची मर्जी हा सौद्यातला सर्वात महत्त्वाचा भाग असे. ॲंगलसी बेटावरून येणारे मजूर सोमवारी पहाटे आठवड्याची शिदोरी पाठीवर टाकून निघत, शनिवारपर्यंत खाणीतल्या दगडी बराकींत राहत. १९४८ साली आरोग्य अधिकाऱ्यांनी त्या बराकी मनुष्यवस्तीस अयोग्य ठरवल्या. आज त्यांचे पडके अवशेष हे सहलीच्या छायाचित्रांचे एक लोकप्रिय स्थळ आहे.

घरांची कथा याहून बोलकी आहे. स्लेटच्या मुलखात कामगाराने जमीनदाराकडून भाडेपट्ट्याने जागेचा तुकडा घ्यायचा आणि खाणीतल्या कामाचे तास संपल्यावर, स्वतःच्या हातांनी, त्यावर घर उभे करायचे, असा सर्रास रिवाज होता. पट्ट्याची मुदत संपली की जमीन मालकाकडे परत. आणि जमिनीबरोबर घरही. भिंत रचणारे हात एका पिढीचे, पट्टा पुढच्या पिढीत संपायचा, आणि नातवाच्या हाती बापजाद्यांच्या घराचे भाडे मागणारी चिठ्ठी यायची. दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर राहणाऱ्यांना जमिनीची मालकी विकत घेण्याचा कायदेशीर हक्क मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले. विल्सन यांच्या मजूर सरकारने तो कायदा केला. खाणी तेव्हा अखेरच्या घटका मोजत होत्या. 'मालमत्तेचा पवित्र हक्क' असा मंत्र आज सुट्टीच्या बंगल्यांच्या बचावासाठी म्हटला जातो. तो हक्क ज्यांनी ते घर बांधले त्यांना सुमारे पावणेदोनशे वर्षे का लागू झाला नाही, याचे उत्तर मंत्रपठण करणाऱ्यांनी द्यावयास हवे.

त्याच घरांत माणसे खोकून खोकून मेली. स्लेट चिरताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत बसून ती दगडासारखी कठीण करते. खाणमालकांच्या पदरी असलेल्या डॉक्टरांनी मात्र धुळीला निर्दोष ठरवून दोष चहाला दिला! कामगार चहा फार वेळ उकळून पितात म्हणून त्यांची प्रकृती ढासळते, असे निदान गंभीरपणे मांडले गेले. पुढे रोग मान्य झाला तोवर बहुतेक खाणी बंद पडल्या होत्या. दावा लावायचा तर मालक अस्तित्वातच नव्हता. अखेर १९७९ साली, कॅलाहन यांचे मजूर सरकार पडण्याच्या सुमारास, धुळीच्या रोग्यांना सरकारतर्फे भरपाई देणारा कायदा झाला. तोही कसा? २८ मार्च १९७९ च्या अविश्वास ठरावावर एकेक मत मोलाचे झाले होते. वेल्श राष्ट्रीय पक्षाच्या खासदारांनी खाणकामगारांच्या भरपाईची अट घालून सरकारला मते दिली. सरकार ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडले, पण भरपाईचा कायदा जाता जाता मंजूर झाला. शंभर वर्षांच्या खोकल्याला जे जमले नाही ते संसदेतील एका रात्रीच्या अंकगणिताने केले.

हे कामगार केवळ दीनवाणे सोसत बसले, असा समज होऊ नये. १८७४ साली उत्तर वेल्सच्या खाणकामगारांची संघटना स्थापन झाली. दुपारच्या सुट्टीत ज्या दगडी खोपटात ते डबा खात, तेथे राजकारणापासून धर्मशास्त्रापर्यंत वादसभा चालत, कवितांच्या स्पर्धा होत. १८८४ साली बँगोरला महाविद्यालय निघाले तेव्हा या माणसांनी तुटपुंज्या मजुरीतून पेन्या बाजूला काढून वर्गणी दिली होती. आणि १९०० साली पेन्रिन खाणीत जो संघर्ष पेटला तो तीन वर्षे चालला. संघटनेला मान्यता द्यावयाची नाही, हा लॉर्ड पेन्रिन यांचा हट्ट होता. नोव्हेंबर १९०० मध्ये सुमारे २,८०० कामगार बाहेर पडले. जून १९०१ मध्ये चारशेच्या आसपास माणसे कामावर परतली, तेव्हा मालकाने प्रत्येकाच्या हातावर सोन्याचे नाणे ठेवले. त्यानंतर बेथेस्डातील घराघरांच्या खिडक्यांत छापील पाट्या झळकू लागल्या : 'या घरात फितूर नाही.' कामगारांची भजनी मंडळे ब्रिटनभर गात फिरून लढ्यासाठी पैसा जमवीत होती. गाव दुभंगले, लष्कर आले, असंख्य कुटुंबे दक्षिणेच्या कोळसाखाणींकडे निघून गेली, आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये उपासमारीपुढे संप संपला.

ज्या घराण्याने हा हट्ट चालवला त्याच्या संपत्तीचे मूळही ध्यानात ठेवावे लागेल. खाण वाढवणारा पहिला लॉर्ड पेन्रिन हा जमैकातील ऊसमळ्यांचा मालक आणि गुलामगिरीच्या निर्मूलनाचा संसदेतील कट्टर विरोधक होता. पुढे गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा ७६४ गुलाम गमावल्याबद्दल त्याच्या वारसाला १४,६८३ पौंड भरपाई मिळाली. गुलामांना काहीच नाही. साखर आणि स्लेट यांच्या पैशातून उभा राहिलेला पेन्रिनचा किल्लेवजा वाडा १९५१ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि राणी व्हिक्टोरियासाठी घडवलेला स्लेटचा अवजड पलंग पाहायला तेथे तिकीट काढून लोक जातात.

दिनोर्विकची खाण ऑगस्ट १९६९ मध्ये बंद झाली. शेवटचे तीनशेच्या वर कामगार घरी बसले. डिसेंबरात खाणीच्या सामानाचा लिलाव झाला. १९७२ साली खाणीच्या कार्यशाळेत संग्रहालय उघडले. पुढे तेथे तानग्रिशायहून खाणकामगारांच्या चार घरांची एक सबंध चाळ दगड दगड सोडवून आणून पुन्हा रचली गेली. एक घर १८६१ सालचे, एक १९०१ सालच्या संपातले, खिडकीत ती फितूर नसल्याची पाटी असलेले, एक १९६९ सालचे, खाण बंद पडण्याच्या वेळचे, असे ते सजवलेले आहे. घरांचा खराखुरा जीर्णोद्धार कशाला म्हणावे याचा हा नमुना होय. संग्रहालयाच्या बाहेर पडून गावात शिरले की तशीच घरे उभी दिसतात, आणि त्यांच्या खिडक्यांमागे पाहुण्यांसाठी घडी घातलेले टॉवेल असतात. २०२१ साली युनेस्कोने या स्लेट-प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. कामगारांच्या स्मृतीचा तो गौरव होता, यात शंका नाही. बाजाराने मात्र त्यातून घरांसाठी आणखी एक विशेषण घेतले.

खाण गेली म्हणजे मजुरी गेली, आणि मजुरी गेलेल्या गावात घर स्वस्त झाले. येथूनच दुसरा अध्याय सुरू होतो. चेशायर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, लंडन येथील सुखवस्तू माणसाला त्या किमती क्षुल्लक वाटल्या. त्याने घर घेतले, वर्षातले काही आठवडे वापरले, उरलेले महिने कुलूप लावले. अशा घरांची संख्या वाढली तसा भाव चढला, आणि हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या, बस चालवणाऱ्या, रुग्णालयात शुश्रूषा करणाऱ्या स्थानिक तरुणाला आपल्याच गल्लीतले घर परवडेनासे झाले. थॅचरबाईंच्या १९८० च्या कायद्याने नगरपालिकांची भाड्याची घरे विकायला काढली, म्हणजे ज्या एका आडोशावर बाजाराची सत्ता नव्हती तोही मोडला. वेल्सने हा विक्रीचा हक्क २०१९ साली रद्द केला. मधल्या चार दशकांत जे गेले ते गेले. १९९३ साली ब्रिटनमध्ये महाराष्ट्रातील घरपट्टीसारखा नवा स्थानिक कर आला, त्यात दुसऱ्या घराला ५० टक्के सूट होती. एकच घर असणाऱ्याने पूर्ण कर भरावा आणि दोन घरे असणाऱ्याने दुसऱ्यावर निम्मा, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रातून आला असेल?

या रागातून १९७९ च्या डिसेंबरात जाळपोळ सुरू झाली. 'ग्लिनदूरचे पुत्र' या नावाने गुप्तपणे वावरणाऱ्यांनी पुढील बारा-चौदा वर्षांत दोनशेहून अधिक सुट्टीची घरे पेटवली. त्यांच्याविषयी वेल्समध्ये उघड निषेध आणि छुपी सहानुभूती यांचे मिश्रण होते. समाजवाद्याला या मार्गाचे समर्थन करता येत नाही, आणि ते केवळ अहिंसेच्या तत्त्वासाठी नव्हे. जळालेले घर विम्याच्या पैशातून पुन्हा उभे राहते, मालकी जागच्या जागी राहते, आणि बेघर तरुण बेघरच राहतो. मालकीचा प्रश्न राखेने सुटत नाही. तो कायद्याने आणि संघटनेने सुटतो, फार सावकाश सुटतो, हे मान्य करावे लागले तरी.

सुट्टीच्या घरांच्या वकिलांचे युक्तिवाद ठरलेले आहेत. त्यातला पहिला असा की, बाहेरच्या माणसाने पैसा घातला नसता तर ही घरे ढासळून गेली असती. काही घरांबाबत ते खरेच आहे. खाण बंद पडल्यावर छप्पर शाकारायलाही पैसा नसलेल्या विधवेचे घर कोणी तरी विकत घेतले, याचा तिला आनंदच झाला असेल. परंतु छप्पर गळत होते ते मजुरी नव्हती म्हणून. आणि ज्या सार्वजनिक पैशाने ते घर तिच्यासाठी किंवा तिच्या मुलासाठी दुरुस्त करता आले असते, तो पैसा दुसऱ्या घरावरच्या करसवलतीत खर्च होत होता. दुसरा युक्तिवाद पर्यटनाच्या रोजगाराचा. हा रोजगार हंगामी, कमी मजुरीचा, आणि बहुतांशी त्याच घरांच्या चादरी धुण्याचा आहे, ज्यात त्या चादरी धुणारीला राहता येत नाही. तिसरा युक्तिवाद अधिक टोचणारा आहे : घर विकणारा तर स्थानिकच असतो! होय, पुष्कळदा तो खाणकामगाराचा नातूच असतो. आजोबांच्या घराची किंमत त्याच्या आयुष्यभराच्या मिळकतीपेक्षा अधिक येते, मग तो का विकणार नाही? त्याला फितूर ठरवणारे लोक मोहात पाडणाऱ्या बाजाराला सोडून मोहात पडणाऱ्याला पकडतात. १९०१ सालचे सोन्याचे नाणे ज्याने हातावर ठेवले, त्याच्याकडे बोट दाखवायला ते विसरतात.

यापेक्षा मोठा धोका दुसऱ्या बाजूला आहे, आणि मराठी वाचकाला तो सहज ओळखता येईल. इंग्रजी बोलणारा म्हणजे शत्रू, अशी साधी मांडणी वेल्समध्येही काही जण करतात. भाषेची भीती काल्पनिक नाही. २०११ साली ग्विनेद परगण्यात ६५.४ टक्के लोक वेल्श बोलत होते, २०२१ साली ६४.४ टक्के, साऱ्या वेल्समध्ये हे प्रमाण १९ वरून १७.८ टक्क्यांवर आले. वर्षातले दहा महिने कुलूप असलेल्या घरात कोणतेच मूल कोणतीच भाषा शिकत नाही, आणि पटावरची मुले घटली की गावची शाळा टिकत नाही. पण लिव्हरपूलच्या गोदीतला मजूर दुसरे घर घेऊ शकत नाही, आणि कार्डिफचा वेल्श बोलणारा वकील घेऊ शकतो. तेव्हा रेषा भाषेवरून ओढली तर ती चुकीच्या ठिकाणी पडते. भूमिपुत्रांच्या नावाने आरोळ्या ठोकणारे पक्ष महाराष्ट्रात वाढले तेव्हा त्यांनी गरीब परप्रांतीयाला ठोकले आणि जमिनीच्या व्यापाऱ्याशी सख्य केले, हा अनुभव ताजा आहे. ग्विनेदच्या तरुणाने तो रस्ता घेऊ नये.

पाण्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिन पॅडर्न नैसर्गिक तळे आहे, परंतु त्याच परगण्यातील लिन केलिन माणसाने केलेले आहे. लिव्हरपूलला पाणी हवे म्हणून १९५७ साली ब्रिटिश संसदेने त्रवेरिन खोरे बुडवण्याचा कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी तो मंजूर झाला. कापेल केलिन गावातील शाळा, टपालकचेरी, प्रार्थनागृह आणि घरे पाण्याखाली गेली. १९६५ साली धरणाचे उद्घाटन झाले. २००५ साली लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली. मुळशीच्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह आरंभला, तो मुंबईच्या विजेसाठी टाटा कंपनी बांधत असलेल्या धरणाविरुद्ध होता. त्यांचीही घरे बुडाली, आणि त्यांच्याकडे तर माफीही कोणी पाठवलेली नाही. त्या जलाशयाच्या काठी आज पुण्या-मुंबईच्या धनिकांचे बंगले आहेत, आणि जमिनीच्या जाहिरातींत 'तलावाभिमुख' हा शब्द आहे. तळ्याच्या काठाला भाव कसा येतो, हे दोन्ही ठिकाणच्या बुडालेल्या माणसांना विचारता येण्यासारखे आहे.

वेल्समधील सरकारने गेल्या काही वर्षांत जे केले ते अपुरे असले तरी पोकळ नाही. २०१७ पासून दुसऱ्या घरावर जादा कर बसवण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. ग्विनेदने २०१८ साली ५० टक्के जादा कर लावला, २०२१ साली १००, आणि २०२३ पासून १५०. त्याबरोबर पळवाटही दिसू लागली. घर 'भाड्याने देण्याचा धंदा' म्हणून नोंदवले की घरावरचा कर टळतो, आणि छोट्या धंद्याच्या सवलतीत धंद्याचा करही बहुधा माफ होतो! वर्षात ७० दिवस भाडेकरू दाखवला की पूर्वी हे साधत असे. एप्रिल २०२३ पासून ती अट १८२ दिवसांची झाली. लगेच गहजब झाला की आता प्रामाणिक छोटे व्यावसायिक बुडतील. स्वतःच्या शेतघराची एक खोली भाड्याने देऊन संसार चालवणारे कोणी या अटीत भरडले जात असतील तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करणे अवघड नाही. परंतु त्यांना पुढे करून मागे उभे राहणाऱ्यांची संख्या पाहता, ओरड कोणाची आहे हे समजायला वेळ लागत नाही.

कर वाढवून खरेदीदार थोडा विचार करील, एवढेच साधते; ज्याच्याकडे पैसा अमाप आहे तो कर भरून घर घेईल. म्हणूनच वेल्श भाषेच्या चळवळीतील 'वेल्स विक्रीला नाही' ही मोहीम केवळ करावर न थांबता मालमत्तेचा स्वतंत्र कायदा मागते आहे : राहायला घर हा हक्क कायद्याने मान्य व्हावा, आणि घर विकायला निघाले की ते आधी तेथे राहणाऱ्या, तेथे काम करणाऱ्या माणसाला, त्याला झेपेल अशा भावात मिळावे. त्यासाठी स्थानिक संस्थांना घरे विकत घेऊन ती कायमची भाड्याने ठेवण्याइतका पैसा लागेल. तो पैसा जादा करातून अंशतः येतो आहे. उरलेला लंडनच्या तिजोरीतून यावयास हवा. लानबेरिसच्या दगडाखाली झोपलेल्या शहरांनी हे देणे अजून फेडलेले नाही.